भिंतीकडे तोंड करून ऐकलेला सामना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका फुटबॉलपटूविषयी बोलणार आहे. या कवीला फुटबॉलमधलं काय कळतं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. आमची पिढी रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंट्रीवर वाढली. फुटबॉल आमच्या गावात यायचा तो पावसाळ्यात, शाळेच्या मैदानात चिखल झाला की. कोण कुठल्या बाजूचा, हेही त्या चिखलात ओळखू येत नसे. इंग्लंडमधले क्लब, त्यांचे खेळाडू, त्यांची वैरं, हे सगळं मला माझ्या मुलाकडून कळलं, आणि तेही वयाच्या पन्नाशीजवळ.

या मुलानं एकदा मला मोबाईलवर एक छोटीशी चित्रफीत दाखवली. लंडनमधलं एक रिकामं स्टेडियम. एक धट्टाकट्टा कृष्णवर्णीय माणूस डोक्यावर टोपी घालून तिथे उभा आहे. मागून एक म्हातारे गृहस्थ येतात आणि अगदी सहज म्हणतात, 'हॅलो इयान, फार दिवसांनी भेटतोय आपण.' तो माणूस वळून बघतो. त्याचा विश्वासच बसत नाही. आणि पहिली गोष्ट कुठली करतो, तर डोक्यावरची टोपी काढतो. मग तोंडावर हात धरतो आणि रडायला लागतो. 'तुम्ही जिवंत आहात? मला तर कुणीतरी सांगितलं होतं की तुम्ही गेलात!' असं काहीतरी तो बोलतो आणि त्या म्हाताऱ्याला मिठी मारतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी तो सात-आठ वर्षांचा दिसतो.

मुलगा म्हणाला, 'अब्बा, हा इयान राइट. आर्सेनलचा.' मी विचारलं, 'आणि ते म्हातारबाबा?' मुलगा म्हणाला, 'त्याचे शाळेतले सर.'

त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो. मिळेल ते वाचलं, त्याच्या मुलाखती ऐकल्या. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

इयान राइटचा जन्म ३ नोव्हेंबर १९६३चा, लंडनमधल्या वुलिचचा. आईवडील जमैकाहून इंग्लंडला आलेले. इयान लहान असतानाच वडील घर सोडून गेले. मग आईच्या आयुष्यात दुसरा माणूस आला. दक्षिण लंडनमधल्या ब्रॉकली भागात हे कुटुंब राहायचं. हा सावत्र बाप आईला मारायचा. ती मारहाण सुरू झाली की इयानचा थोरला भाऊ इयानचे कान आपल्या हातांनी झाकून धरायचा. धाकट्याला ऐकू जाऊ नये म्हणून. भाऊ स्वतः मात्र सगळं ऐकत असणार, कारण हात दोनच होते.

इंग्लंडमध्ये बीबीसीच्या टीव्हीवर 'मॅच ऑफ द डे' नावाचा कार्यक्रम आहे. १९६४पासून चालू आहे. शनिवारी रात्री, दिवसभरात झालेल्या सामन्यांची क्षणचित्रं त्यात दाखवतात. तिथल्या पोरांना त्याचं केवढं वेड, हे वेगळं सांगायला नको. इयानच्या घरी टीव्ही होता, कार्यक्रमही लागायचा. पण तो सुरू होण्याच्या सुमाराला सावत्र बाप मुलांना हुकूम सोडायचा, भिंतीकडे तोंड करा. तो स्वतः सामना बघायचा आणि मुलांनी भिंत बघायची. काहीही कारण नाही. केवळ त्याची मर्जी.

श्रोतेहो, तुम्ही आत्ता मला ऐकता आहात, मी तुम्हाला दिसत नाही. रेडिओ ऐकणाऱ्याला ऐकण्यातून बघायची सवय असते. आम्हीही ट्रान्झिस्टरला कान लावून न पाहिलेलं वानखेडे स्टेडियम पाहिलं. पण आमच्या ऐकण्यात आनंद होता. या पोराच्या पाठीमागे, दोन हातांवर चित्र हलत होतं आणि त्याला मान वळवायची चोरी होती. समालोचकाचा चढलेला आवाज आला, प्रेक्षकांचा गलका झाला की गोल झाला म्हणायचं. कुणी मारला, कसा मारला, ते भिंतीवर आपण आपलं काढायचं. त्या कार्यक्रमाची धून ऐकली की पुढे कित्येक वर्षं त्याच्या पोटात कालवायचं, असं त्यानंच सांगितलं आहे.

अशा घरातून येणारं पोर शाळेत कसं असेल? जसं असायचं तसंच होतं. लिहिता-वाचता धड येत नव्हतं, राग नाकाच्या शेंड्यावर, मारामाऱ्या, वर्गात दंगा. मग शिक्षक त्याला वर्गाबाहेर काढायचे. घरात भिंतीकडे तोंड आणि शाळेत दाराबाहेर.

त्या शाळेत सिडनी पिग्डेन नावाचे एक शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानं चालवली होती. पोरांना त्यांचा धाक वाटायचा. व्हरांड्यात उभ्या केलेल्या या मुलाला त्यांनी पाहिलं आणि आपल्याबरोबर नेलं. मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात करून त्याला लिहायला-वाचायला शिकवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला कामं सांगितली. वर्गावर्गांतून हजेरीपट गोळा करून आण, दुधाच्या बाटल्या वाट. ज्याला कुणी पेन्सिलसुद्धा विश्वासानं देत नव्हतं, त्याच्या हातात सगळ्या शाळेचे हजेरीपट! इयान म्हणतो, आपलीही काही किंमत आहे, असं मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

आणि फुटबॉलही. पोरगा चेंडू दिसला की जीव खाऊन लाथ मारायचा. सरांनी त्याला थांबवलं आणि जिमी ग्रीव्ह्जचं उदाहरण दिलं. हा ग्रीव्ह्ज म्हणजे त्या काळचा इंग्लंडचा मोठा गोल करणारा खेळाडू. देशासाठी ५७ सामन्यांत ४४ गोल त्यानं केले. तो चेंडू कधी जोरात हाणायचा नाही. गोलरक्षक कुठे आहे ते बघायचा आणि तो नसेल तिथे चेंडू अलगद सरकवायचा, जाळीला पास दिल्यासारखा. सरांनी सांगितलं, शक्तीपेक्षा जागा बघ.

मी फुटबॉलमधला जाणकार नाही, पण ही गोष्ट मला पटली. स्ट्रायकर हा मोठा चमत्कारिक इसम असतो. नव्वद मिनिटांच्या खेळात त्याच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. बाकीचे दहा जण राबत असतात, हा आपला जागा शोधत हिंडतो. मग एखादा क्षण येतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकणारा, आणि त्या क्षणी आसपास सगळी धांदल उडालेली असताना याचं डोकं थंड लागतं. गरम डोक्याच्या या पोराला सरांनी नेमक्या त्या क्षणापुरतं थंड व्हायला शिकवलं. बाकी वेळी तो पुढेही गरमच राहिला, ते सांगेनच.

इथून पुढे गोष्ट सरळ जायला हवी होती, पण तशी गेली नाही. इंग्लंडमध्ये मोठे क्लब पोरांना शाळेच्या वयातच हेरतात. सोळाव्या वर्षी क्लबमध्ये उमेदवारी सुरू होते. अठरा-एकोणिसापर्यंत कुणी विचारलं नाही, तर ते दार बंदच झालं म्हणायचं. इयाननं साउथएन्ड आणि ब्रायटन या क्लबांत नशीब अजमावून पाहिलं. दोन्हीकडून नकार मिळाला. त्याच्याच वसाहतीतला, त्याच्याहून तीन-साडेतीन वर्षांनी लहान असलेला डेव्हिड रोकॅसल नावाचा मुलगा आर्सेनलमध्ये गेला, नाव काढू लागला. आणि हा? हा इमारतींवर गिलाव्याचं काम करत होता, कारखान्यात मजुरी करत होता आणि रविवारी हौशी संघातून खेळत होता. विशीच्या आतच संसार अंगावर पडला होता. गाडीचा विमा नाही, कर भरलेला नाही म्हणून दंड झाला. तोही भरला नाही म्हणून चेम्सफर्डच्या तुरुंगात काही दिवस काढावे लागले. त्या कोठडीत एकटा असताना आपण ढसाढसा रडलो, असं तो सांगतो. इथून बाहेर पडल्यावर फुटबॉलसाठी जे जे करता येईल ते करायचं, असं त्यानं तिथेच ठरवलं.

ठरवलं तरी दार उघडायला आणखी काही काळ गेला. ग्रिनिच बरो नावाच्या एका छोट्या, अर्धव्यावसायिक संघाकडून तो खेळत होता. हप्त्याला हातखर्चाचे पैसे मिळायचे, बस्स. क्रिस्टल पॅलेस या क्लबच्या एका माणसानं त्याचा खेळ पाहिला. व्यवस्थापक होता स्टीव्ह कॉपेल. त्यानं चाचणी घेतली आणि १९८५च्या ऑगस्टमध्ये करार दिला. इयानला बाविसावं वर्ष पुरं व्हायला तीन महिने उरले होते. ज्या वयात इतर खेळाडूंची चार-पाच वर्षं खेळून झालेली असतात, त्या वयात हा पहिल्या दिवशी कामावर हजर झाला. हाताला सिमेंट-चुन्याची सवय होती, त्यामुळे सरावाचे कष्ट त्याला कष्ट वाटत नसत. सकाळी उठून फुटबॉल खेळायचा आणि त्याचे पैसेही मिळतात, याचंच त्याला अप्रूप होतं.

तो काळही सोपा नव्हता. इंग्लंडच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंना प्रेक्षकांतून माकडांचे आवाज ऐकावे लागत, केळी फेकली जात. इयान हे सगळं ऐकत, गिळत, कधी न गिळता अंगावर जात खेळत राहिला. मार्क ब्राइट या साथीदाराबरोबर त्याची जोडी जमली. १९८९मध्ये पॅलेस वरच्या श्रेणीत चढला. वर चढल्यावर पहिल्याच हंगामात लिव्हरपूलनं त्यांना नऊ-शून्य असं हरवलं. नऊ-शून्य! आपल्याकडे गल्लीतल्या सामन्यातसुद्धा इतक्यात कुणीतरी चेंडू घेऊन घरी जातो. पण त्याच पॅलेसनं काही महिन्यांनी एफए कपच्या उपान्त्य सामन्यात त्याच लिव्हरपूलला चार-तीन असं हरवून अंतिम फेरी गाठली.

इयान मात्र त्या उपान्त्य सामन्यात नव्हता. त्या हंगामात त्याचा पाय दोनदा मोडला होता. १२ मे १९९०, वेम्बली, समोर मँचेस्टर युनायटेड. इयान राखीव खेळाडूंच्या बाकावर. पॅलेस दोन-एक असं मागे पडलं आणि वीस-एकवीस मिनिटं उरली असताना कॉपेलनं त्याला आत पाठवलं. तीन मिनिटांत त्यानं बरोबरीचा गोल केला. जादा वेळ सुरू होताच आणखी एक. सामना तीन-तीन असा सुटला. पाच दिवसांनी पुन्हा खेळवला, त्यात पॅलेस एक-शून्यनं हरलं. म्हणजे कप गेला. पण पाच वर्षांपूर्वी गिलावा करणारा तो माणूस आता साऱ्या देशाला ठाऊक झाला.

१९९१च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलनं त्याच्यासाठी पंचवीस लाख पौंड मोजले. तोवर त्या क्लबनं कुणासाठीच इतके पैसे दिले नव्हते. लहानपणापासूनचा दोस्त डेव्हिड रोकॅसल तिथे होताच. लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, साउदॅम्प्टनविरुद्ध, इयाननं तीन गोल केले. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा साउदॅम्प्टनच समोर होतं. सर्वाधिक गोलांच्या शर्यतीत गॅरी लिनेकरसारखा मोठा खेळाडू त्याच्या पुढे होता. इयाननं पुन्हा तीन गोल ठोकले. त्याचे झाले २९, लिनेकरचे राहिले २८.

त्याचा एक गोल तुम्हाला सांगायलाच हवा. १९९३ साली, एव्हर्टनविरुद्धचा. चेंडू हवेतून येतो. इयान तो पायावर झेलतो आणि समोरच्या बचावपटूला चेंडू हलकेच उचलून चकवतो, एकदा नाही, दोनदा. साउदॉल नावाचा धिप्पाड गोलरक्षक पुढे आलेला असतो. इयान चेंडू त्याच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात सोडतो. यात कुठेही जोर लावलेला नाही. मी हा गोल पुन्हा पुन्हा पाहिला. प्रत्येक वेळी मला तो मैदानाबाहेर उभा असलेला मास्तर आठवतो, शक्तीपेक्षा जागा बघ म्हणणारा.

आर्सेनलमध्ये १९३९पासून एक विक्रम उभा होता. क्लिफ बॅस्टिनच्या नावावर १७८ गोल. १३ सप्टेंबर १९९७ रोजी बोल्टनविरुद्ध इयानला तो मोडायला दोन गोल हवे होते. त्यानं जर्सीच्या आत एक बनियन घातला होता, त्यावर छापलं होतं, '१७९, झाले बरं का!' अशा अर्थाचं काहीतरी. पहिला गोल झाला आणि या उतावळ्यानं जर्सी वर करून तो बनियन अवघ्या स्टेडियमला दाखवला. झाले होते १७८! आनंदाच्या भरात हिशेबच चुकला. पण नशीब असं की काही मिनिटांतच दुसरा गोल झाला आणि बनियन खरा ठरला. वर आणखी एक करून त्यानं तीन पुरे केले. १९९८मध्ये त्यानं क्लब सोडला तेव्हा आकडा होता २८८ सामन्यांत १८५ गोल. पॅलेससाठीचे ११७ धरले, तर दोन क्लबांचे मिळून ३०२. पुढे २००५मध्ये थिएरी ऑन्रीनं त्याचा विक्रम मागे टाकला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे कीर्तन होईल. इयान राइट मैदानावर साधुसंत नव्हता. पंचांशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्यांशी बाचाबाची, दंड, बंदी हे सगळं कायम त्याच्या मागे असायचं. १९९४मध्ये आर्सेनलनं युरोपातला कप विनर्स कप जिंकला. त्या अंतिम सामन्यात हा प्रेक्षकांत बसला होता, कारण आधीच्या सामन्यात पिवळं कार्ड ओढवून घेऊन त्यानं स्वतःवर बंदी आणली होती. १९९९मध्ये, वेस्ट हॅमकडून खेळताना बाहेर काढल्यावर त्यानं पंचांच्या खोलीची मोडतोड केली. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. सरांनी शिकवलेला थंडपणा गोलसमोरच्या त्या एका क्षणापुरता होता, असं मी म्हणालो ते यासाठी. घरातली भिंत माणसाच्या आत बराच काळ उभी राहते.

आणि विश्वचषक? तोही हुकला. १९९०च्या संघात तो नव्हता. १९९२मध्ये देशात सगळ्यांत जास्त गोल करूनही युरोपियन स्पर्धेला नेलं नाही. १९९४मध्ये इंग्लंडच पात्र ठरलं नाही. उरला १९९८. स्पर्धेच्या तोंडावर मोरोक्कोविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्याच्या जागी मायकल ओवेन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आत आला आणि त्यानं देशासाठीचा आपला पहिला गोल केला. एकाची वेळ टळली आणि दुसऱ्याची आली. इंग्लंडकडून इयानचे एकूण ३३ सामने आणि ९ गोल. उशिरा आलेल्या माणसाला सगळंच मिळत नाही, काही गाड्या निघून गेलेल्याच असतात.

२०००मध्ये बर्नली या क्लबकडून खेळत असताना तो निवृत्त झाला आणि टीव्हीवर आला. ज्या 'मॅच ऑफ द डे'च्या वेळी भिंतीकडे तोंड करावं लागायचं, त्याच कार्यक्रमात तो तज्ज्ञ म्हणून खुर्चीवर बसू लागला. एल्विस प्रिस्लेच्या चाहत्यांना त्याचं ग्रेसलँड हे घर जसं, तसा मला हा स्टुडिओ, असं तो म्हणाला होता. आपल्या भाषेत सांगायचं, तर त्याची पंढरी किंवा त्याची अजमेर. २०२४च्या मे महिन्यापर्यंत तो त्या खुर्चीवर होता.

ती चित्रफीत आहे २००५ सालची. हायबरी हे आर्सेनलचं जुनं स्टेडियम, पुढच्याच वर्षी ते बंद व्हायचं होतं. तिथे चित्रीकरण चालू असताना कार्यक्रमवाल्यांनी पिग्डेन सरांना गुपचूप आणून त्याच्या मागे उभं केलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सर युद्धात विमान चालवलेले. युद्धानंतर बकिंगहॅम राजवाड्यावरून उडण्यासाठी जे वैमानिक निवडले, त्यात ते होते. आणि त्यापेक्षाही मला तू इंग्लंडकडून खेळलास याचा अभिमान वाटतो, असं ते आपल्याला म्हणाल्याचं इयान सांगतो. २०१७च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी सर गेले.

इथे मला थोडं स्वतःविषयी बोललं पाहिजे. आमच्या घरात दख्खनी बोलली जायची. मराठी शाळेत गेलो तेव्हा माझ्या जिभेला 'ळ' आणि 'ण' जमत नसत. मी 'शाला' म्हटलं की वर्ग हसायचा. चौथीतल्या आमच्या गुरुजींनी मला वर्गात कधीच दुरुस्त केलं नाही. शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे आणि फळा, शाळा, पळाला, आंधळा असे शब्द म्हणून घ्यायचे. महिनाभरानं त्यांनी मला वर्गासमोर उभं करून कविता वाचायला लावली. कुणी हसलं नाही. माझ्या कवितांत 'ळ' जरा जास्तच येतो असं मित्र म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

माझा पहिला संग्रह आला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. तो घेऊन मी गुरुजींच्या गावी गेलो. सूनबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, 'नानांना जाऊन दोन वर्षं झाली.' मग त्यांनी चहा केला आणि विचारलं, 'तुम्ही कोणत्या सालचे विद्यार्थी?' इयान राइटला वाटत होतं की सर गेले, आणि ते जिवंत निघाले. माझं नेमकं उलटं झालं. गुरुजी आहेतच, कधीही जाता येईल, असं मी धरून चाललो होतो. म्हणून ती चित्रफीत बघताना मुलासमोर माझे डोळे भरून आले, तेव्हा मी त्याला कारण सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

इयान राइट पिग्डेन सरांविषयी पुन्हा पुन्हा बोलला आहे. बीबीसी रेडिओवर 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' नावाचा फार जुना, १९४२पासूनचा कार्यक्रम आहे. पाहुण्यानं आपल्या आवडीच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या आणि आयुष्याविषयी बोलायचं. २०२०मध्ये इयान तिथे आला आणि सरांविषयी बोलताना त्याला हुंदका आवरला नाही. पुढच्या वर्षी त्यानं बीबीसीसाठीच घरातल्या मारहाणीवर एक माहितीपट केला आणि आपल्या बालपणाबद्दल उघडपणे बोलला. मान वळवायची ज्याला बंदी होती, तो आता त्या खोलीकडे वळून बघत होता.

आणि २०२२च्या जुलैत इंग्लंडच्या मुली युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हा टीव्हीवर सगळीकडे जल्लोष चालला असताना यानं शाळेचा विषय काढला. या स्पर्धेनंतरही शाळेत मुलींना मुलांसारखा फुटबॉल खेळायला मिळणार नसेल, तर आपण करतोय तरी काय, असं तो म्हणाला. स्पर्धा जिंकल्यावर त्या मुलींनीच सरकारला जाहीर पत्र लिहिलं, आणि २०२३च्या मार्चमध्ये सरकारनं शाळांतल्या खेळांत मुलींना समान संधी देण्याचं जाहीर केलं. हे इयानमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण वर्गाबाहेर कोण उभं आहे, हे त्याला चटकन दिसलं, एवढं खरं.

त्याचे दोन मुलगे फुटबॉलपटू झाले. शॉन इंग्लंडकडून खेळला. ब्रॅडली अमेरिकेतल्या लीगमध्ये दोनदा सर्वाधिक गोल करणारा ठरला. या घरात टीव्हीवर सामना लागला की मुलांना कुठे तोंड करून बसवलं जात असेल, ते सांगायला नको.

श्रोतेहो, १८५ गोल तुम्ही उद्या विसरून जाल, मीही विसरेन. पण दूध वाटायला सांगणारे, 'ळ' म्हणून घेणारे, व्हरांड्यातून हात धरून आत नेणारे कुणीतरी तुमच्याही आयुष्यात असतील. ते हयात असतील, तर हा कार्यक्रम संपल्यावर त्यांना एक फोन करा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. इयान राइटलाही सुचलं नव्हतं. त्यानं फक्त टोपी काढली होती.